मुलीला कवी व्हायचंय, मग नोकरीचं काय?

नमस्कार ताई,

तुमची मुलगी बारावीला आहे. ‘इंग्रजी घेऊन बी.ए. करणार आणि सायमन आर्मिटेजसारखी कविता लिहिणार,’ असं ती म्हणते. तुम्हाला तिने बी.एड. करून शाळेत लागावं असं वाटतं, आणि कवितेवर पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंय.

नाही भरत. इंग्लंडातही नाही. आर्मिटेज २०१९ पासून तिथले राजकवी आहेत. त्या पदाचं मानधन वर्षाला ५,७५० पौंड, वर जुन्या प्रथेप्रमाणे शेरी, म्हणजे एक प्रकारची वाइन! तेवढ्यावर तिकडे कुणाचं घर चालत नाही.

पण मुलीला हा आकडा ऐकवून गप्प करू नका. त्यापेक्षा त्यांची सुरुवात कशी झाली ते तिच्यासोबत वाचा. यॉर्कशरमधल्या मार्सडेन गावात वाढलेला हा मुलगा पोर्ट्समथला शिकला तो भूगोल. मग मँचेस्टरला एम.ए. केलं, प्रबंध टीव्हीवरची हिंसा आणि बालगुन्हेगार यांच्यावर. पुढे त्याच भागात प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारा परिविक्षा अधिकारी, म्हणून नोकरी. वडीलही त्याच पेशातले. म्हणजे दिवसभर गाठ कुणाशी, तर शिक्षा झालेल्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी. ‘झूम!’ हा पहिला संग्रह १९८९ मध्ये आला, गाजला, तरी नोकरी सुटली ती १९९४ मध्ये. त्यांच्या कवितेतली माणसं चारचौघांसारखी बोलतात. मला तर वाटतं, त्यात या नोकरीचा मोठा वाटा असणार. प्राध्यापकी, ऑक्सफर्डचं कवितेचं अध्यासन, हे सगळं नंतरचं. आणि नाव झाल्यावरही २०१० मध्ये हा गृहस्थ पेनाइन वे ही चारशे किलोमीटरची वाट खिशात पैसे न घेता चालला. मुक्कामाच्या गावी कविता वाचायच्या आणि पैशांसाठी श्रोत्यांत पायमोजा फिरवायचा!

तेव्हा बी.ए.वरून भांडण नको, करू दे. फक्त पगाराचं काम कोणतं, हे तिने स्वतः ठरवावं. शिकवायची आवड असेल तर बी.एड. उत्तमच, नसेल तर शाळेतल्या वह्या तपासून संध्याकाळी लिहायला त्राण उरणार नाही. माणसांत रमत असेल तर बी.ए.नंतर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आहे. आपल्याकडेही परिविक्षा अधिकारी असतात, आणि समाजकार्य शिकलेल्यांना त्या वाटेने जाता येतं.

इंग्रजीखेरीज तिला कोणते विषय आवडतात, हे पत्रात नाही. ते कळवा, म्हणजे कॉलेजांची नावं सुचवता येतील.