सासूबाईंचे दात काढायची घाई करू नका, आणि वाताची गोळी तर मुळीच थांबवू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. सासूबाईंची बोटं सकाळी तासभर वळत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, आणि दातांच्या दवाखान्यात सांगितलं की खालचे सगळे दात काढा, वात आपोआप जाईल. हे शेवटचं वाक्य मी 2017 साली असंच्या असं ऐकलंय आणि त्यावर विश्वासही ठेवलाय. म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, परभणीकडची झेडपी शाळेतली शिक्षिका आहे. औषधाचा निर्णय तुमच्या सांधेवाताच्या डॉक्टरांचाच.

मला तेव्हा आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं) निदान होऊन दीड वर्ष झालं होतं. दर रविवारी मेथोट्रेक्सेट ही वाताची गोळी घ्यायचे, बोटं बऱ्यापैकी वळत होती, भाकरी थापता येत होती. हिरड्या मात्र जुन्याच दुखण्याच्या. आमच्याकडे आईपासून सकाळी तंबाखूची मिश्री लावायची सवय. तेवढ्यापुरता ठणका थांबायचा, म्हणून मी दात दाखवलेच नाहीत. शेवटी दोन दात हलायला लागले तेव्हा एका दवाखान्यात गेले. एक्स-रे काढला नाही, हिरडी मोजली नाही, कोणती औषधं चालू आहेत हे विचारलं नाही. दोन खेपांत सहा दात काढले आणि वर सांगितलं, आता ती उष्ण गोळी कशाला घेता.

मी गोळी बंद केली.

आणि खरंच बरं वाटलं! दहा-बारा दिवस बोटं मोकळी. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. पुढे कळलं की दात काढल्यावर वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या, त्यांनीच सांधे शांत होते. त्या संपल्या, मेथोट्रेक्सेटचा असरही उतरत गेला, आणि दिवाळीपर्यंत दोन्ही मनगटं सुजली. मी तरी तीन महिने वाट बघत बसले, दातांची जखम भरली की वात जाईल म्हणून. उजव्या हाताचं मधलं बोट त्या काळात वाकलं ते आजही सरळ होत नाही. खडू आता अंगठा आणि पहिल्या बोटातच धरते. परत त्या दवाखान्यात गेले तर म्हणाले, वय झालं की असं होतं. मी तेव्हा 47 वर्षांची होते. त्या उत्तराचा राग अजून गेला नाही.

चीड जास्त यासाठी येते की हिरड्या आणि आमवात यांचा संबंध खरा आहे. हिरडीच्या आजारात सापडणारा पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू एक विकर (एन्झाइम) तयार करतो. त्याने शरीरातल्या प्रथिनांची रचना बदलते, आणि अशा बदललेल्या प्रथिनांवर आपलीच प्रतिकारशक्ती उलटू शकते. अशा वेळी रक्तात जी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात, त्यांचीच तपासणी म्हणजे अँटी-सीसीपी. सांधे सुजायच्या कित्येक वर्षं आधीपासून ती रक्तात असू शकतात. शिवाय हिरडीत सतत धुमसणारा दाह सगळ्या अंगातला दाह वाढवायला हातभार लावतो. पण संबंध आहे म्हणजे एकच कारण आहे असं नाही. अनुवंश आहे, तंबाखू-विडी आहे. काही छोट्या अभ्यासांत हिरड्यांची नीट सफाई केल्यावर सांध्यांची सूज कमी झालेली दिसली, तीही वाताची औषधं चालू ठेवून. 20व्या शतकाच्या सुरुवातीला परदेशात सांधेदुखीसाठी सरसकट दात उपटायचे. त्याने आमवात बरा होत नाही हे दिसल्यावर ती पद्धत सोडून दिली. आपल्याकडे अजून कुणीतरी तेच सांगतंय.

माझं मत, आणि ते ठाम आहे: दात काढायचाच असेल तर तो दात वाचत नाही म्हणून काढावा, वातासाठी नाही. आधी हिरडी आणि दात यांच्यामधला खड्डा मोजायला सांगा. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, 4 च्या पुढे गेला की मुळापर्यंत सफाई लागते. ती दोन-तीन खेपांत होते, आणि दोन-तीन महिन्यांनी परत मोजून बघतात. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयात हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, आणि एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे.

सासूबाईंना मेथोट्रेक्सेट चालू असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधीच सांगा, आणि गोळी पुढे-मागे करायची का हे वाताच्या डॉक्टरांनाच विचारा. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, रोज घेतली तर जिवावर बेतते. माझी मुलगी कॅलेंडरवर रविवारी लाल गोल करते. तोंडात फोड आले तर हिरड्यांचा त्रास समजून सोडून देऊ नका, ते गोळीमुळेही येतात.

मिश्री सोडवा. अवघड आहे, मला दीड वर्ष लागलं, आधी सकाळची सुटली, मग दुपारची. आणि सुजलेल्या बोटांत ब्रशची बारीक दांडी धरवत नाही, त्यामुळे माणूस घासायचाच कंटाळा करतो. मी दांडीवर सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ चढवली आहे, आत फडकं कोंबून. घट्ट बसते, मूठ वळली नाही तरी धरता येते.

त्यांचा अँटी-सीसीपी झालाय का, आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, तेवढं लिहा.