गादी कोण नेणार?

प्रश्न : ताई, आम्ही सिंहगड रस्त्याला सोसायटीत राहतो. रोज सकाळी एक बाई कचरा न्यायला येतात. बाथरूमचं काम झालं म्हणून फुटक्या फरशांची दोन पोती आणि जुनी कापसाची गादी दाराबाहेर ठेवली, तर त्यांनी हातही लावला नाही. वर सुनेला ऐकवलं की सुका कचरा खरकटा देत जाऊ नका. दर महिन्याला पैसे मोजतो, मग ही मर्यादा कसली? आणि शेवटी गाडीत सगळं एकत्रच ओततात ना? मी डोळ्यांनी पाहिलंय.
— एक वाचक, पुणे

उत्तर : काका, आधी फरशांचं मिटवू, कारण त्यात वादाला जागाच नाही. फरशा, विटा, सिमेंट म्हणजे राडारोडा. २०१६च्या घनकचऱ्याच्या नियमांतसुद्धा तो वेगळा ठेवा, घरच्या कचऱ्यात मिसळू नका, असंच म्हटलं होतं. खरं तर गवंड्याशी काम ठरवतानाच ‘राडारोडा तूच न्यायचा’ हे बोलून घ्यायचं असतं. मीही एकदा विसरले होते आणि टेम्पोवाल्याला वेगळे पैसे मोजले होते. आता तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाई विभागाच्या स्थानिक कचेरीत, जाऊन विचारा. फोनपेक्षा समक्ष गेलेलं बरं.

तुमचा खरा राग पैशांचा आहे. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्यांत ‘स्वच्छ’च्या सभासद बऱ्याच आहेत. ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था. त्यामागची संघटना १९९३ सालची, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यांचा माल कोणता, ते नावातच आलं! या बायकांना महापालिकेचा पगार नसतो. आपण देतो ते महिन्याचं शुल्क आणि आपल्या सुक्या कचऱ्यातून निघणारा विकाऊ माल, या दोन्हींवर त्यांचं घर चालतं. म्हणजे तुम्ही खरकटा पुठ्ठा दिलात की त्यांच्या कमाईतच पाणी घातलंत.

हे मला कुणी समजावलं नाही, बघून कळलं. दोन वर्षांपूर्वी माझं एक कानातलं हरवलं. केर काढताना गेलं असणार, म्हणून मी आमच्या मावशींच्या ढकलगाडीमागे चालत त्यांच्या वेचायच्या जागेपर्यंत गेले. रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरलेली. त्या एकेक पिशवी सोडत होत्या आणि हात आपोआप चालत होते. पुठ्ठा इकडे, वर्तमानपत्र तिकडे, पांढरा कागद वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, बाटल्या वेगळ्या, डब्यांची कडक झाकणं वेगळी. आमची पिशवी निघाली तेव्हा मी ओळखली, कारण वर आमच्याच पेपराचं शब्दकोडं होतं, अर्धवट सोडवलेलं. त्यावर आदल्या रात्रीची आमटी सांडलेली. मावशींनी तो गठ्ठा दोन बोटांनी उचलून बाजूला टाकला. “हे गेलं, मॅडम.” त्याच पिशवीत दाढीचं ब्लेडही निघालं, नुसतंच. त्यांच्या अंगठ्यावरचा जुना व्रण त्यांनी दाखवला नाही, मलाच दिसला. (कानातलं संध्याकाळी उशीच्या अभ्र्यात सापडलं. ते त्यांना सांगायला मला चार दिवस लागले.)

तेव्हापासून आमच्याकडे दुधाची पिशवी विसळून ओट्याच्या कडेला वाळत घालतात. कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, लोंबता ठेवायचा, नाहीतर तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. ब्लेड जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’. सॅनिटरी पॅड आणि नातवाचे डायपर कागदात बांधून वर लाल ठिपका, म्हणजे पुडी उघडायची गरज पडत नाही. वेफर्सची चकचकीत पाकिटं मात्र कितीही धुवा, त्यांना भंगारात भाव नाही. आणि करवंटी ओली की सुकी, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. मी ती मोठ्या कुंडीच्या तळाशी घालते.

आता गाडीचं. तुम्ही पाहिलंत ते खोटं नाही. पण ताडपत्रीवरचा विकाऊ माल तोवर बाजूला निघालेला असतो. गाडीत पडतो तो उरलेला कचरा. त्यातही ओलं-सुकं एकत्र होताना दिसलं तर गाडीचा नंबर आणि वेळ टिपून आरोग्य कोठीत तक्रार करा, जरूर करा. मात्र ‘पुढे एकत्रच होतं’ म्हणून घरात वेगळं न करण्यात अर्थ नाही. वेचणं गाडीच्या आधी होतं.

राहिली गादी. ती ढकलगाडीवर टाकली तर निम्म्या सोसायटीचा कचरा मागे राहील, म्हणून तुमच्याकडच्या बाईंनी हात लावला नाही. ‘स्वच्छ’तर्फे जुन्या वस्तू गोळा करायची ‘वी कलेक्ट’ मोहीम मधूनमधून असते, तुमच्या भागात कधी आहे ते त्याच बाईंना विचारा, पण जरा गोड बोलून. त्याआधी गादीची शिवण एका कोपऱ्यात उसवून कापूस बघा. काळा पडून गोळे झाले असतील तर द्याच. पण आतून पांढरा असेल तर गादीवाल्याकडून पिंजून घ्या, दोन लोड आणि चार उशा आरामात निघतील.