तीन तास कशाला व माय!

या वेळचं पत्र ओहायोहून आलंय. लिहिणारी चाळीसगावची, सासर भुसावळचं, मुलगा बारा वर्षांचा. पत्र लांबलचक आहे आणि काळज्यांची रांग लागलीय: सासूबाई येणार आहेत, नवरा म्हणतो लपवून ठेव, मुलगा मराठीत उत्तर देत नाही, भांडी वेगळी ठेवू का. या सगळ्याला शेवटी दोन-दोन ओळी देईन. मी अडकले ते मधल्या एका परिच्छेदावर, जो तिनं जाता जाता लिहिलाय:

“आक्का, मुलगा रविवारी मित्राकडे जेवायला गेला होता. तिथे पोर्क रोस्ट होता. सगळे एका टेबलाशी बसले, मित्राच्या वडिलांनी काप करून वाढले. तेव्हापासून आपल्याकडेही तसंच कर म्हणून मागे लागलाय. माहेरी मटण व्हायचं, तेही अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. डुकराचं कधीच नाही. तरी मी लॉइन आणला, स्वच्छ धुतला, काळा मसाला चोळला, ओव्हनमध्ये साडेतीनशे फॅरेनहाइटवर ठेवला. तासाभरानं कापून पाहिलं तर आत गुलाबी. घाबरून परत ठेवला. असं करता करता तीन तास झाले. दातांनी तुटेना. पोरगं काही बोललं नाही, फक्त केचप मागितला.”

पोरगं गुणाचं आहे, आईचं मन राखलं त्यानं. पण तीन तास? लॉइनला?

जुने वाचक ओळखून चुकले असतील की आक्का आता कुठे वळणार. वळणारच. मांसाचा थर्मामीटर घ्या हे मी कधीपासून सांगतेय, आणि आपल्या पोरी ओव्हनच्या काचेसमोर उकिडव्या बसून घड्याळ बघत राहतील तोवर सांगत राहणार.

तुझ्या हाताला मटण ठाऊक आहे. मटण जितकं शिजेल तितकं मऊ, हा हिशेब तुझ्या आईचा, माझ्या आईचा आणि तो बरोबरच होता. रश्श्याला आपण खांद्याचे, मांडीचे, नळीचे तुकडे घेतो. त्यांत चिवट पडदे भरपूर. ते मंद आचेवर विरघळतात, म्हणून तर रस्सा बोटांना चिकटतो. लॉइन म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा पट्टा. त्यात चरबी बेताची आणि पडदे जवळजवळ नाहीतच. विरघळायला काही नसेल तर जास्त वेळ ठेवून होणार काय? आतलं पाणी तेवढं पिळून निघणार. वर प्रत्येक वेळी कापून पाहिलंस, म्हणजे उरलासुरला रसही ट्रेमध्ये गेला.

तुला तासन्‌तास शिजवायचंच असेल तर खांदा आण. अमेरिकेतल्या दुकानात त्यावर ‘बॉस्टन बट’ लिहिलेलं असतं, म्हणून आपल्या बायका तो मागचा भाग समजून सोडून देतात. झाकून, ३२५ अंश फॅरेनहाइटवर तीन-चार तास, आत १९५ अंश होईपर्यंत. काट्यानं ओढला की धागे सुटतात. तुझे ते तीन तास खांद्याला दिले असतेस तर पोरानं केचप मागितला नसता.

तुकडा बदलता येईल. तुझ्या मनातली गुलाबी रंगाची धास्ती मात्र जुनी आहे आणि ती कुठून आली हे मला पक्कं माहीत आहे. जळगाव-धुळ्यात वाढलेल्या प्रत्येकाला गटारीच्या कडेची डुकरं आठवतात आणि ‘मेंदूत अळी जाते’ हे वाक्यही. आमच्या घरात ते इतक्या वेळा बोललं जायचं की माझा भाऊ कोबीच्या भाजीलाही घाबरायचा. गंमत अशी की त्याचं घाबरणं जास्त शास्त्राला धरून होतं. कच्चं डुकराचं मांस खाल्लं तर जंत होतो तो आतड्यात. मेंदूत जाते ती त्या जंताच्या अंड्यांतून निघालेली अळी. ही अंडी जंत झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि घाण पाणी, न धुतलेल्या भाज्या, न धुतलेले हात यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही तो आजार होतो. डुकराला तो लागतो माणसाची घाण खाऊन. तुझ्या ओहायोच्या दुकानातलं मांस बंदिस्त जागेत मका-सोयाबीनच्या खुराकावर वाढवलेल्या आणि सरकारी तपासणीतून गेलेल्या जनावराचं असतं.

म्हणजे कच्चं खा असं म्हणत नाहीये मी. नीट शिजवायचंच, पण नीट म्हणजे किती, याला आकडा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ च्या मे महिन्यात अखंड तुकड्यासाठी तो १६० वरून १४५ अंश फॅरेनहाइटवर आणला, म्हणजे ६३ सेल्सिअस, आणि वर निदान तीन मिनिटं विसावा. ट्रिकिनेला नावाची जी दुसरी अळी पूर्वी तिकडच्या लोकांना छळायची, ती १३७ लाच मरते. १४५ ला मधोमध थोडी गुलाबी छटा राहते आणि ती चालते. खिमा मात्र १६० पर्यंतच, कारण वरच्या पृष्ठभागावरचे जंतू दळताना आत मिसळतात. आमचे हे अजून १६० चंच तुणतुणं वाजवतात, त्यांनी तिकडे पहिली नोकरी धरली तेव्हा तोच आकडा भिंतीवर होता. मी ऐकते आणि १४५ ला वाढते. लंडन-लेस्टरच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे ७० सेल्सिअस दोन मिनिटं असं सांगतात, तुम्ही ते पाळा.

आता हा आकडा डोळ्यांनी दिसत नाही. रंगानं कळत नाही, घड्याळानं कळत नाही, कारण तुझा तुकडा जाड की बारीक, फ्रीजमधून आत्ता काढलाय की मघाशी, ओव्हन खरंच ३५० ला आहे की नुसता म्हणतोय, हे घड्याळाला काय ठाऊक? माझी आजी बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि देठाजवळ बोटानं दाबून सांगायची, झालं. तिच्या बोटाला ते कळायचं कारण तिनं उभा जन्म वांगी भाजली. आपल्यापैकी कुणाच्या आजीनं लॉइन भाजलाय? मग तो अंदाज आणायचा कुठून? विकत. एका पिझ्झ्याच्या पैशात मिळतो.

माझ्या भाचीच्या लग्नात मी साडीबरोबर थर्मामीटर आहेरात दिला. माझी बहीण आठवडाभर बोलली नाही. भाची ह्यूस्टनला गेली, पहिल्या थँक्सगिव्हिंगला सासरच्या मंडळींसाठी टर्की केली आणि आता तिच्या मैत्रिणींना तीच हा आहेर देते. बहिणीनं मात्र अजून माफ केलेलं नाही.

घेशील तो डिजिटल घे, टोक बारीक असलेला. आल्या आल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून बघ, ३२ दाखवायला हवा. टोचायचा तो बाजूनं, सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत. चरबीत किंवा हाडाला टेकला तर खोटा आकडा सांगतो.

आता कृती. तीन पौंडांचा, बिनहाडाचा लॉइन. शेजारी टेंडरलॉइन ठेवलेला असतो, तो बारीक, पौंड-दीड पौंडाचा असतो आणि फार लवकर होतो, तो उचलू नकोस. धुवू नकोस! आपल्याला मटण हळदीच्या पाण्यानं धुतल्याशिवाय चैन पडत नाही, पण धुताना जे शिंतोडे उडतात ते सिंकभर, ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. कागदानं टिपून कोरडा कर. आदल्या रात्री चहाचे दोन चमचे बारीक मीठ सगळीकडून चोळ आणि उघडाच फ्रीजमध्ये, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेव. पाकिटावर मिठाचं पाणी घातल्याचं लिहिलं असेल तर मीठ निम्मं कर.

सकाळी ठेचलेला लसूण, भरड मिरी, भरड धणे, थोडी बडीशेप, शेंगदाण्याचं तेल. बस. काळा मसाला ओव्हनमध्ये नको. त्यातलं खोबरं आधीच भाजलेलं असतं, तासभर कोरड्या आचेत ते करपतं आणि कडवट होतं. मसाल्याशिवाय करमत नसेल तर ट्रेमध्ये जमलेल्या रसात कांदा परतून चमचाभर मसाला आणि गरम पाणी घाल, तर्री काढ आणि कापांवर ओत. माझा नातू या तर्रीसाठीच येतो, रोस्ट त्याला निमित्त.

चरबीची बाजू वर करून ट्रेमध्ये ठेव, भोवती बटाटे-गाजरं. ओव्हन ३५० अंशांवर आधी तापलेला हवा. पौंडाला वीस मिनिटं हा ढोबळ अंदाज, म्हणजे तास. पण चाळीस मिनिटांनीच टोचून बघायला लाग. १४० दिसलं की बाहेर काढ. वर फॉइल सैल टाक आणि पंधरा मिनिटं हात लावू नकोस. बाहेर काढल्यावरही आतली उष्णता चढत राहते, १४५ गाठते. नाही गाठली तर परत आत, त्यात लाज कसली? विसावल्याशिवाय कापलास तर रस पाटावर वाहील, म्हणून नवऱ्याला सुरीपासून लांब ठेव. काप आडवे, धाग्यांच्या विरुद्ध, करंगळीपेक्षा बारीक.

आणि त्या पंधरा मिनिटांत तू काय करणार आहेस, हे मी इथं बसून सांगू शकते: तवा तापवणार, ज्वारीची भाकरी थापणार, बाकीचे जेवत असताना एकेक गरम भाकरी नेऊन वाढणार. तुझ्या मुलानं मित्राकडे काय पाहिलं ते पुन्हा वाच. तूच लिहिलंयस, सगळे एका टेबलाशी बसले. आपल्याकडे आधी पुरुषांची पंगत, मग पोरं, शेवटी बायका गार झालेल्या रश्श्याशी. ओहायोत तुला कोण उभं करतंय? भाकरी आधी करून फडक्यात गुंडाळून ठेव. ज्वारी-उडदाच्या कळण्याची असेल तर गारही छान लागते. काप करायचं काम नवऱ्याला दे आणि तू बस. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपव.

आता बाकीची रांग. मुलगा मराठीत उत्तर देत नाही: त्याला थर्मामीटर हातात दे आणि आकडा मराठीत मोठ्यानं सांगायला लाव, याहून जास्त आज मला सुचत नाही. भांडी: एक ट्रे, एक सुरी, एक पाट वेगळा ठेव, तेवढ्यानं तुझं मन शांत होत असेल तर अवश्य, नाही तर साबण पुरे.

नवरा म्हणतो, “आई असेपर्यंत फ्रीजरमध्ये तळाशी दडव.” त्याला सांग, बारा वर्षांच्या पोराच्या घरात असली गुपितं दोन दिवस टिकत नाहीत. सासूबाई विमानात बसायच्या आधीच फोनवर सांगून टाका, आणि हे सांगणं त्याचं काम आहे, तुझं नव्हे, त्याची आई आहे. माझ्या सासूबाई अमळनेरच्या, माळकरी. माझ्या मुलांनी त्यांना सरळ विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “मन्हा ताटमा वाढू नको, म्हंजे झायं.” मग पोरांच्या समोरच बसून त्यांनी आपली फुनकं-कढी, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके आणि कढी, खाल्ली. सगळ्याच सासवा अशा नसतात हे कबूल. तुझ्या रुसल्याच, तर तो महिना रोस्ट बंद ठेव, पोराला कारण खरं सांग.

त्या असताना करायचाच ठरला तर त्या दिवशी ओव्हन आधी त्यांचा. सकाळी मोठी वांगी आण, सुरीनं टोचे मार, नाही तर फुटतात, आणि ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या आचेखाली, उलटसुलट करत साल काळी पडेपर्यंत भाज. हिरव्या मिरच्या आणि लसूणही तव्यावर भाजून घे. कांद्याची पात मिळाली तर उत्तम. ठेचायचं काम त्यांना दे, मिठाचा अंदाजही त्यांचाच. रोस्ट आत जाईल तो त्यानंतर.