वाचकांचे प्रश्न : धर्मादाय खाट आणि अनामत रक्कम

प्रश्न : धर्मादाय रुग्णालयाने ‘गरिबांच्या खाटा भरल्यात’ म्हणत वडिलांसाठी अनामत मागितली. काय करावं?

उत्तर : निर्धन रुग्णाकडून अनामत मागताच येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी १० टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयाने बिलांतले २ टक्के वेगळे ठेवायचे असतात. रुग्णालयाला ट्रस्ट म्हणून सवलती मिळतात, त्याची ही परतफेड, उपकार नव्हे. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करायचं, कागद नंतर. घोळ होतो तो घाईत, पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या नेहमीच्या अर्जावर सही केल्याने. म्हणून लगेच रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला गाठा, रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्या, धर्मादाय खाटेसाठी अर्ज करून त्याची पोच घ्या. नकार लेखीच मागा आणि तो जोडून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.