वाचकांचे प्रश्न : प्रतिपिंड चिकटतो, तरी पेशी मरत नाही

प्रश्न : मानवी टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) मारण्यासाठी त्यांच्यावरच्या सीडी-५ या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटीबॉडी) सॅपोरिन हे विष जोडलेलं आहे. फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीवरचा चमकणारा रंग मोजणारी पद्धत) बंधन छान दिसतं, पण २४ तासांनी पेशी जिवंतच! विष निकामी झालंय का?

उत्तर : इतक्यात विषाला दोष देऊ नका. सोपवर्ट या वनस्पतीतलं सॅपोरिन रायबोझोमच्या (पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना) आरएनएमधला ॲडेनिन हा एक ठरावीक घटक काढून टाकतं आणि प्रथिननिर्मिती थांबवतं. पेशी मरते ती त्यानंतर, सावकाश. २४ तासांनी एमटीटी चाचणी (पेशींतल्या एन्झाइम्समुळे तयार होणारा रंग मोजणारी) केलीत, तर आधीच तयार असलेली एन्झाइम्स रंग देतच राहतात. ७२ तासांनी मोजा. घाईच असेल तर किरणोत्सारी ल्युसिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) नव्या प्रथिनांत किती सामावलं जातं ते पाहा. तिथे घट आधी दिसते.

तरीही परिणाम नसेल, तर प्रतिपिंड आत जातोय का ते तपासा. काही पेशी ४ अंशांवर आणि काही ३७ अंशांवर तीन-चार तास ठेवून दोन्हींवर दुय्यम प्रतिपिंडाचा (पहिल्या प्रतिपिंडाला चिकटणारा, रंग जोडलेला) रंग चढवा. ३७ अंशांवरच्या पेशींचा रंग फिका पडला नसेल, तर संयुग (प्रतिपिंड आणि विषाची जोडी) पृष्ठभागावरच बसून आहे. फिका पडला म्हणजे ते आत गेलंच असंही नाही. सुटून द्रवातही गेलेलं असू शकतं. आत जाऊनही बरंचसं एंडोसोममध्ये (पेशीने आत घेतलेला माल वाहणारी पिशवी) अडकतं आणि लायसोसोममध्ये (तो पचवणारी पिशवी) पचतं. शिवाय संयुगात न जोडलेला प्रतिपिंड उरला असेल, तर तोच जागा अडवतो. ही चूक फार सर्रास होते.

मात्रा १० नॅनोमोलरपासून दहा-दहा पटींनी उतरवत न्या. सोबत नुसता प्रतिपिंड, नुसतं सॅपोरिन आणि त्याच आयसोटाइपच्या (प्रतिपिंडाच्या प्रकाराच्या), पण सीडी-५ला न चिकटणाऱ्या असंबद्ध प्रतिपिंडाला जोडलेलं सॅपोरिन हवंच. मोकळा प्रतिपिंड भरपूर घातल्यावर पेशी वाचल्या, तरच मारा नेमका म्हणायचा.

प्रश्न : अशा औषधासाठी प्रतिपिंडाला अख्खं रिसिन (एरंडाच्या बियांतलं विष) का जोडत नाहीत?

उत्तर : त्याची बी साखळी गॅलॅक्टोज या शर्करेला चिकटते आणि ते जवळपास प्रत्येक पेशीवर असतं, मग प्रतिपिंडाचा उपयोग काय? म्हणून नुसती ए साखळी (विषारी भाग) घेतात, तीही शर्करा काढून, नाहीतर यकृत ती उचलून घेतं. एवढं करूनही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून द्रव झिरपतो, वजन वाढतं, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरतं, आणि शरीर विषाविरुद्धच प्रतिपिंड बनवू लागतं. २०१८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं मॉक्सेट्युमोमॅब पासुडोटॉक्स हे औषध बी-पेशींवरच्या सीडी-२२ या प्रथिनावर बेतलेलं होतं, पण त्यातलं विष वनस्पतीचं नव्हे, स्यूडोमोनास जीवाणूचं.