व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: फूल आणि डोंगर एकाच फोटोत

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला निघालाय, जवळ १८-५५ आणि ५५-२५० मिमीच्या लेन्स आहेत, तर अगदी जवळून फोटो काढायची वेगळी मॅक्रो लेन्स घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नको. मॅक्रोमध्ये फूल सुंदर येतं, पण ते कुंडीतलं की साडेतीन हजार मीटरवरचं, हे कळत नाही. मागचा डोंगर हवाच, आणि त्याला तुमची १८-५५ पुरते.

फक्त कॅमेरा फुलांच्या उंचीवर न्यायचा. गुडघे टेकायचे, वेळ पडली तर फरसबंद वाटेवर पालथं पडायचं. लेन्स १८ मिमीवर, तिचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ११, फोकस साधारण दीड मीटरवर. तुमच्या कॅमेऱ्याच्या क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर पाऊण मीटरपासून समोरच्या कड्यापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येईल. फूल त्याहून जवळ असेल तर दोन फोटो काढा, एक फुलावर फोकस करून, एक डोंगरावर, आणि घरी जोडा. वारा असेल तर हा नाद सोडा, दोन्ही फोटोंत फूल एका जागी राहत नाही. तेव्हा शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ८०० झाला तरी चालेल.

आभाळ भरलेलं असलं म्हणून हिरमुसू नका. ढगातला उजेड पाकळ्यांना फार मानवतो, कडक उन्हात पांढरी फुलं नुसती फटफटीत दिसतात. ओल्या पानांवर मात्र चकाकी येते आणि हिरवा रंग मरतो. पैसे खर्चायचेच असतील तर पोलरायझर, म्हणजे ही चकाकी कापणारा लेन्सवरचा फिल्टर, घ्या.

तुमच्या तारखांना गुलाबी तेरडा जोरात असेल. आपल्या कासच्या तेरड्याचाच भाऊबंद, पण अंगाने दांडगा. धुक्यात कॅमेरा फोटो काळपट काढतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +२/३ स्टॉप वाढवावं लागतं, पण फ्रेम तेरड्याने भरली की तेवढ्यानेच लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन फुटतो आणि पाकळीवरच्या शिरा गायब होतात. हिस्टोग्रामात (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखात) लाल रेघ वेगळी बघा, फोटो रॉमध्येच (कच्च्या फाइलमध्ये) काढा. हे मला घरी आल्यावर कळलं, तोवर एक अख्खा दिवस वाया गेला होता.

खोऱ्यात मुक्कामाला परवानगी नाही, रोज जवळच्या घांघरिया गावाहून ये-जा. दोन दिवस ठेवा, एक दिवस धुकं डोंगर दाखवतच नाही. वाट सोडून झाडोऱ्यात शिरू नका, एका फोटोपायी पुढची दहा रोपं मोडतात, मला ते बघवत नाही. संध्याकाळी खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तासभर उघडू नका, म्हणजे लेन्सवर वाफ धरणार नाही.

तिसरा दिवस हेमकुंडला, घांघरियाच्या वरच्या तळ्याकाठच्या गुरुद्वाऱ्याला, द्या. ब्रह्मकमळ तिथे, चार हजार मीटरच्या वर, खडकांत भेटतं. चढताना कपारींत निळी पॉपीही शोधा. तिच्यासाठी व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, निळा जांभळट होतो. आणि तिथे ५५-२५० लावा, कारण ही पॉपी वाटेपासून लांब, कड्यावर असते.