फॅन लागला की ब्रेक प्रेशर वाढतं? आधी अर्थिंग बघा, सेन्सर नंतर

रेडिएटर फॅन लागला की ब्रेक प्रेशरचा आकडा उडतो, सेल्फ मारला की कॅमेरा बंद पडतो, आणि तुम्ही नवा सेन्सर मागवायला निघालात. तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही आला. आमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट गाडीत (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसकार बनवायची स्पर्धा), केटीएम 390 मोटरसायकलच्या इंजिनवर, डिट्टो हेच झालं होतं. हार्नेस, म्हणजे गाडीचं सगळं वायरिंग, माझ्याकडे होता, त्यामुळे पाप माझंच.

फ्यूज, रिले, वायरची जाडी तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते.

आमचा घोळ एका थिंबलचा, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीचा. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पावडर कोटिंग होऊन आली होती, रंग इतका सुरेख की खरवडायला जीव होईना. बॅटरी निगेटिव्हचं थिंबल तसंच रंगावर ठेवून बोल्ट आवळला, आणि रंगातून वीज धड जात नाही. मल्टीमीटर लावला, बीप वाजला, म्हणजे जोड आहे, विषय संपला. या बीपने मला जेवढं फसवलं तेवढं कोणी नाही. तो काही ओहमपर्यंत खुशाल वाजतो, आपलं दुखणं ओहमच्या शंभराव्या हिश्श्यातलं. आमच्या जोडात साधारण 0.02 ओहम होते. त्यातून फॅनचे 12 अँपिअर परत जायला लागले की 0.24 व्होल्ट पडतात, म्हणजे अख्खी चासी बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा तेवढी वर उचलली जाते. सेन्सरची काळी वायर मी ‘जवळ पडतं’ म्हणून चासीलाच बांधलेली, आणि लॉगर (सेन्सरचे आकडे नोंदवणारा डबा) मोजतो स्वतःच्या ग्राउंडपासून, म्हणजे अर्थिंगपासून. 100 बारचा सेन्सर, 0.5 ते 4.5 व्होल्ट, म्हणजे एका बारला 0.04. करा हिशोब. पाच-सहा बार फुकटात!

ते पाच-सहा बार आम्ही ड्रायव्हरच्या नावावर टाकले. ‘स्ट्रेटवर ब्रेकवर पाय ठेवतोस’ म्हणून त्याला लॅपटॉपसमोर बसवून ग्राफ दाखवला. तो बिचारा शपथा घेत होता, आम्ही म्हणतोय डेटा खोटं बोलत नाही.

मग लॉगर दोनदा कुरिअरने सर्व्हिस सेंटरला. नाव घेत नाही. दोन्ही वेळा चिठ्ठी एकच: ‘युनिट ओके, फर्मवेअर अपडेट केलं’, सोबत तपासणीचं बिल. अर्थिंग कुठे बांधलंय, हे फोनवर एकानेही विचारलं नाही. टेबलावर ओकेच येणार ना, तिथे फॅन कुठेय? कोइम्बतूरला कारी स्पीडवे या रेस ट्रॅकवर जायच्या आधीचे तीन आठवडे त्यात गेले.

आता तुमचं. इंजिन चालू, फॅन चालू, मीटर डीसी मिलिव्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच टेकवा, क्लॅम्पवर नको. दुसरा सेन्सरच्या काळ्या वायरवर. 50 मिलिव्होल्टच्या वर दिसले तर चोर सापडला. सेन्सरची काळी वायर लॉगरच्या सेन्सर ग्राउंडच्या पिनवर न्या, चासीला अजिबात नको. फॅनची परतीची वायर थेट बॅटरीला. लॉगरला प्लस-मायनस दोन्ही बॅटरीकडून, मास्टर (मुख्य) स्विचनंतर, स्वतंत्र फ्यूजवर. शील्ड, म्हणजे सेन्सरच्या वायरभोवतीचं धातूचं आवरण, फक्त लॉगरच्या टोकाला जोडा.

कॅमेऱ्याचं वेगळं. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली बसतं म्हणून तो मरतो, त्याला व्होल्टेज स्थिर ठेवणारा चांगला रेग्युलेटर द्या. लॉगरचे 5 व्होल्ट सेन्सरसाठी असतात, कॅमेरा त्यावर टांगू नका. आणि ते सिगरेट लायटरमध्ये खुपसायचे स्वस्तातले मोबाइल चार्जर जीपीएस अँटेनाजवळ आणाल तर सॅटेलाइट शोधत बसाल. हे माझं मत. काहींचं चालतंही म्हणे.

जाता जाता: कॅन बसचं (गाडीतले इलेक्ट्रॉनिक डबे ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात ती) काही विचित्र वाटलं तर पॉवर बंद करून तिच्या हाय आणि लो वायरींमध्ये ओहम बघा. 60 च्या आसपास हवेत. 120 म्हणजे एक टर्मिनेटर (टोकाचा रेझिस्टर) गायब.

मी व्यवसायाने इलेक्ट्रिशियन नाही, पिन नंबर तुमच्या लॉगरच्या मॅन्युअलमधूनच घ्या. तुमची गाडी इलेक्ट्रिक असेल तर हाय व्होल्टेजच्या बाजूला यातलं काहीही लागू नाही, तिथे हातच घालू नका.

फॅन चालू आणि फॅन बंद, दोन्ही रीडिंग इथे टाका. थिंबलखालचा रंग खरवडलाय का, तेही खरंखरं सांगा.